इंग्रजीत दिलेली जागा

रा. रा. देवीलाल चव्हाण, मुक्काम आर्णी, यांना फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून तुमचे दाजी हिरासिंग राठोड यांचा जय सेवालाल. (स्वतःला 'यांचा' का लिहिलं ते पुढे कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? पत्र अशासाठी, की फोनवर बोललं तर तुमची बहीण सुखीबाई दाराआडून ऐकते आणि मधेच दुरुस्त्या सुचवते.

आमच्या बी.ए. झालेल्या सुनेने, अंजूने, उन्हाळ्यापासून नायकाच्या, म्हणजे आमच्या तांड्याच्या मुखियाच्या, रिकाम्या गोठ्यात इंग्रजीचा वर्ग काढला. आधी पोरी बसल्या, मग त्यांच्या आया, आणि मग (नुसतं लक्ष ठेवायला म्हणून) मी. अख्खा महिना तर एकट्या 'उद्या'वरच गेला. आपल्याला उद्या म्हणजे उद्या. इंग्रजांना त्याचे चार प्रकार लागतात. बसल्या जागी मनात आलं तर 'विल', आधीपासून मनात असेल तर 'गोइंग टू', आणि सगळं ठरून बैठकही उठली असेल तर जणू काम सुरूच झालं असं बोलायचं. उद्याची गाडी तर ते आजच सुटल्यासारखी सांगतात. (त्यांनी आमच्या फाट्यावर उभं राहून पाहिलेलं नाही.) मला हे सगळं पंधरा दिवसांत आलं. बाबांसारखा विद्यार्थी नाही, असं सून सर्वांसमोर म्हणाली. मी तिला म्हणायला लावलं नव्हतं.

अडचण अशी, की सोयाबीन आलं की गोठा पोत्यांनी भरणार आणि वर्ग बंद. म्हणून गेल्या आठवड्यात समारोप ठेवला. प्रत्येकाने उद्याविषयी एक इंग्रजी वाक्य बोलायचं. बिजलीबाई म्हणाली, मी बाजारात जाईन. दुसरी म्हणाली, मी भाकरी करीन. साळेबुवा, एवढ्या मोठ्या भाषेत एवढंच बोलायचं? मी उठलो, घसा खाकरला आणि सगळ्यात पक्का उद्या वापरून म्हणालो, "आय ॲम गिव्हिंग माय रोड साइड लँड टू धिस क्लास." वाक्य बिनचूक. (चुकलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्याकडून चुकत नाही.) टाळ्या पडल्या. नायकाने अंजूला अर्थ विचारला. तिने आपल्या गोरबोलीत सांगितला आणि खाली पाहत राहिली. नायक उठला आणि त्याने भर सभेत मला फेटा बांधला.

नायकासमोर दिलेला शब्द परत घेत नाहीत, हे तुम्हाला काय सांगू? तरी घरी येऊन मी म्हटलं, ते सरावाचं वाक्य होतं. तुमची बहीण चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "इंग्रजीत देल्ला शब्द, शब्द नसते काय? पोरगी गोठ्यात शिकवून राह्यली, अन् तुमाले फाट्यावर जागा कायले पायजे?" पण खरं सांगतो, मला फार अभिमान वाटत होता. फेटा बांधूनच जेवलो.

पोराबाळांना आशीर्वाद.

आपला,
हिरासिंग

ता. क. जागा म्हणजे तीच, जिथे आपण दोघं मिळून खताचं दुकान टाकणार होतो. रविवारी या आणि नायकासमोर माझ्यावर रागवा. तुम्ही सुखीबाईचे थोरले भाऊ. तुमच्या हरकतीने शब्द मोडला तर माझा मान राहील.

दुसरा ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी तिकडे गेलो तर बायका पाया खणत होत्या आणि अंजूने पाटीवर माझं नाव लिहिलं होतं, पुढे 'सर' लावून. बराच वेळ वाचत उभा राहिलो. हरकत घेऊ नका. दुकानाच्या छपरासाठी तुम्ही घेऊन ठेवलेले टिनाचे पत्रे मात्र घेऊन या. ते तुम्ही वर्गाला देताय, असं मी तिथेच सांगून टाकलं. नायकाने तुमच्यासाठीही फेटा काढून ठेवला आहे.