खळीने चिकटवलेल्या चिठ्ठ्या

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,

ठकीचा प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

सोबतच्या पार्सलात माझं शास्त्र आहे, तेच बायबल, माझ्या पंधराव्या वाढदिवसाला तुम्ही बांधून दिलेलं. पाठ मधोमध फाटली आहे आणि मिटायला गेलं की पुन्हा आपोआप उघडतं. तुमचा राग मला इथूनच दिसतो, पण पुस्तक पडू दिलेलं नाही. आम्ही प्रभूच्या बहिणी राहतो त्या घरातली रीत अशी, की घर चालवणाऱ्या मोठ्या बाई जो नियम लिहून देतील ती चिठ्ठी आपण त्या त्या पानावर चिकटवायची. गेल्या चार वर्षांत त्या बऱ्याच झाल्या.

अठ्ठावीस तारखेला माझा वचनाचा दिवस आहे. त्यानंतर मी या घरातली कायमची. नोकरी, लग्न, पत्रव्यवहार, सगळं मोठ्या बाई ठरवतील. मग डोक्याला ताप नाही, असं सगळ्या म्हणतात. मीही म्हणते. मला विषमज्वर झाला तेव्हा त्या एकोणीस दिवस माझ्या खाटेशी बसून होत्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वचनाच्या दिवशी पुस्तक मंडळीसमोर ठेवायचं असतं, म्हणून चिठ्ठ्यांना धक्का लावू नका.

दवाखान्यात माझ्या मलमपट्टीच्या खोलीत सकाळपासून रांग असते. मामीचा गुडघा कसा आहे? महिन्याला एकच पत्र लिहायचा नियम आहे, त्यामुळे उत्तर आलं तरी माझं पुढच्या महिन्यात येईल. राग मानू नये.

आपली,
ठकी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकीस,

मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. मामीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि मामी उतरताना, त्यामुळे घरात सतत काही ना काही ऐकू येतं.

आता पुस्तकाचं. मी रागावलो नाही. पानं शिवलेला जुजबंदीचा दोरा शाबूत आहे, शिलाई माझी आहे, ती अशी सुटायची नाही. पुस्तकात मावतं त्याहून जास्त भरलं की पाठ फाटते, इतकंच. त्रेसष्ट चिठ्ठ्या आहेत. हसताना दात दिसू नयेत, गाताना आवाज शेजारणीच्या वर जाऊ नये, केस कसे बांधावे, जिन्यात किती बोलावं. एक माझ्याबद्दलही आहे, नाव न घेता: रविवारी हातात सुई धरणाऱ्याच्या घरी मुक्काम करू नये. उपासना सुरू व्हायच्या आधी गीतांचं पुस्तक फाटलं आणि मी ओट्यावर बसून चार टाके घातले, ते तू तिथे कौतुकाने सांगितलं असणार. सांगायला तू पहिल्यापासून शूर.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या टेबलाखाली बसून तू शिकलेली आहेस, की कायमचं राहायचं ते सरसाने चिकटवावं आणि पुढे कधी काढायचं असेल ते पिठाच्या पातळ खळीने. तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या खळीने लावलेल्या आहेत. प्रत्येकीवर मोठ्या बाईंनी तारीख घातली आहे, म्हणून क्रम कळतो. सुरुवातीच्या चारी कडांनी पक्क्या. मग तीन कडा. गेल्या वर्षापासून फक्त वरची एक. माझ्याबद्दलची तर दोन ठिपक्यांवर लोंबते आहे. याचा अर्थ मी लावत नाही, पण तुझा हात मी ओळखतो.

दोन मार्ग आहेत. रुंद पाठ घालून चिठ्ठ्यांसकट बांधून देतो; वर्षभरात पुन्हा फाटेल. नाहीतर ओल्या फडक्याने चिठ्ठ्या सोडवतो, मग ते पहिल्यासारखं मिटेल. मामीचं म्हणणं, विचारता काय, चुलीत घाला. तसं केलं तर आपण ठकीच्या दुसऱ्या मोठ्या बाई झालो, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं, हे तू लिहून ठेव. मी कशालाही हात लावलेला नाही. तू म्हणशील तसं करीन, आणि काहीही म्हणालीस तरी माझी ठकीच राहशील.

तुझा,
मामा

ता. १३ फेब्रुवारी

ती. मामांस सलाम.

हे या महिन्यातलं दुसरं पत्र आहे, तुमच्या लक्षात येईलच.

तुमचं पत्र वाचून आधी संताप आला. खळीचा डबा हाताशी होता म्हणून खळ वापरली, असं स्वतःला दोन दिवस सांगितलं. सरसाची बाटलीही त्याच फळीवर आहे. काल एका म्हाताऱ्या बाईंची जखमेला चिकटलेली पट्टी भिजवत बसले होते, आणि एकदम रडू आलं. त्या बिचाऱ्या माझीच समजूत घालत बसल्या.

मोठ्या बाईंनी मला जगवलं. त्यांना नाही म्हणायचं म्हणजे कृतघ्नपणा की काय, ते मला कळेनासं झालं आहे. तुमच्याबद्दलच्या चिठ्ठीखाली काय छापलेलं आहे, ते मला आठवत नाही. तेवढी एकच सोडवा आणि काय आहे ते कळवा.

ठकी

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

फडकं लावायचीही गरज पडली नाही, फुंकर मारली आणि चिठ्ठी हातात आली.

खाली त्या वाकलेल्या बाईची गोष्ट आहे. अठरा वर्षं कमरेत वाकलेली, वर बघता येत नाही. विश्रामवारी, कामाला बंदी असते त्या दिवशी, येशूने तिला पाहिलं, स्वतःहून जवळ बोलावलं आणि हात ठेवला. ती ताठ उभी राहिली. सभास्थानाचा अधिकारी मात्र चिडला, की बरं व्हायला कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवसांत या. लहानपणी या पानाशी आलीस की तू टेबलाखालून उठून ताठ उभी राहायचीस आणि डोकं फळीला आपटून घ्यायचीस. मामी अजून हसते.

उपकाराचं म्हणशील, तर त्या बाईने पुढे येशूचे किती नियम पाळावे याची यादी त्याने तिला दिली नाही. एवढंच मला दिसतं. बाकी तू ठरव.

मामा

ता. २० फेब्रुवारी

मामा, सगळ्या काढा. फाडू नका. पाकिटात घालून पाठवा.

ठकी

ता. ७ मार्च

ती. मामा व मामींस सप्रेम सलाम.

पुस्तक वेळेवर मिळालं. किती छान मिटतं ते.

वचनाच्या दिवशी मोठ्या बाईंनी ते हातात घेतलं, पानं चाळली आणि चिठ्ठ्या कुठे आहेत म्हणून विचारलं. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्या एकोणीस दिवसांसाठी मी जन्मभर तुमच्या हाकेला धावून येईन, पण हे वचन देणार नाही, असं म्हणाले. ज्याने मला मोकळं केलं त्याला विचारून माझं मी ठरवीन, आणि चुकले तर त्याच्यापाशीच रडेन, असंही म्हणाले. एवढं मला कुठून सुचलं कोण जाणे.

त्या ओरडल्या नाहीत. तुमची चिठ्ठी जिथे होती तेच पान काढून मला वाचायला लावलं. अठरा वर्षांपाशी आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग शांतपणे, शनिवारपर्यंत खोली रिकामी कर म्हणाल्या. निघताना एकही बहीण दारापर्यंत आली नाही, ते मात्र फार लागलं. पाकीट त्यांनी ठेवून घेतलं.

आता दवाखान्यातल्या मैत्रिणीबरोबर राहते. नळ गळतो, खिडकी मिटत नाही, आणि मी मजेत आहे. रविवारी दुसऱ्या चर्चच्या मंडळीत गेले आणि आवाज चढवून गायले. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं, आणि त्याही चढवून गाऊ लागल्या.

तुमचा लोभ खळीचा नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमचीच,
ठकी

ता. २९ मार्च

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने तीनदा वाचून घेतलं आणि शेजारीपाजारी कुणाला ऐकवायचं राहिलेलं नाही. मला तुझा इतका अभिमान वाटतो, की तेव्हापासून दोन पुठ्ठे उलटे बांधले.

पण आज लिहायचं कारण वेगळंच आहे. काल एक पार्सल आलं. आत जुनं, फुगलेलं शास्त्र, मिटत नाही म्हणून मलमपट्टीच्या पट्टीने गच्च बांधलेलं. सोबत पत्र नाही. एक चिठ्ठी, तारीख घातलेली: कधीपर्यंत होईल? अक्षर मी लगेच ओळखलं. त्रेसष्ट वेळा पाहिलेलं आहे.

आतल्या चिठ्ठ्या सरसाने लावलेल्या आहेत, चारी कडांनी. कागद पिवळे पडलेत. आणि ठके, त्यातली एकही मोठ्या बाईंच्या अक्षरातली नाही. त्यांनाही कुणीतरी दिलेल्या आहेत. तू ते पाकीट त्यांच्या तोंडावर फेकलं असतंस, तर हे पार्सल माझ्याकडे आलं नसतं.

घाई नाही, असं त्यांना कळवलं आहे. सरस ओढून निघत नाही, ऊब देत देत सोडवावा लागतो, आणि पान फाटता कामा नये. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. तुझा हात हलका आहे आणि चिकटलेली पट्टी सोडवायची सवय आहे, म्हणून तू यावंस.

रविवारी आलीस तरी चालेल.

वाट पाहणारा,
मामा