मोटारीला शेंदूर

ता. ९ जानेवारी १९३८, कान्हे
आजपासून रोजनिशी. लोणावळ्याला रेल्वेच्या स्टोअरात सतरा वर्षं कारकुनी करतोय, पण लिहून ठेवण्याजोगं काही घडलं नव्हतं. काल घडलं.
मुंबईच्या एका शेठची मोटार आमच्या फाट्याजवळ जळाली. ड्रायव्हर टाकीत पेट्रोल ओतत होता आणि त्याच्या तोंडात विडी होती. माणसं वाचली. शेठ म्हणाले, कोणाला हवी तर घेऊन जा, नाहीतर ओढ्यात ढकला. मी पुढे झालो. चार बैल लावून दारात आणली.
नुकसान किरकोळ आहे. टप, गाद्या, टायर, वायरी, पुढची काच आणि स्टीयरिंगचं कडं एवढंच जळलं. कुटुंबाने विचारलं, मंग ऱ्हायलं काय? बायकांना मेकॅनिकल नजर नसते.

ता. १० जानेवारी
हे का करतोय, तेही लिहून ठेवतो. नंदा सहा वर्षांची असताना भुशीच्या रस्त्यावर एका साहेबाच्या मोटारीने तिच्या नव्या परकरावर चिखल उडवला होता. रडून रडून तिला उचकी लागली. तेव्हा तिला शब्द दिला होता, तुला सासरी मोटारीतून पाठवीन. आता वैशाखात तिचं लग्न आहे, तळेगावच्या महिपतरावांच्या मुलाशी. काल पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की वरात मोटारीतून निघणार.
प्लॅन: जानेवारीत साफसफाई, फेब्रुवारीत इंजिन, मार्चात टप-गाद्या, एप्रिलात ड्रायव्हिंग शिकणे. मे महिना रिकामा राहतो. तेव्हा विश्रांती.

ता. २३ जानेवारी
साफसफाई सुरू व्हायची आहे. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत कोंबडी अंड्यांवर बसली. कुटुंबाची सक्त ताकीद, एकवीस दिवस तितं हात लावायचा न्हाई. ठीक आहे. इंजिन पुढच्या बाजूला असतं. प्लॅनला बाध येत नाही.

ता. ६ फेब्रुवारी
बॉनेट उघडलं. दोन तास लागले. अजून बंद झालेलं नाही. हँडल फिरवलं. हँडल फिरलं नाही, मी फिरलो. कमरेला लेप लावलाय.
दत्तोबा लोहाराला बोलावलं. त्याने आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, भाऊ, ह्ये समदं एकजीव झालंय. मी त्याला सांगितलं, याला सॉलिड इंजिन म्हणतात.

ता. २० फेब्रुवारी
गंज चढू लागला. घाबरण्याचं कारण नाही, रेल्वेत मी फुकट सतरा वर्षं काढली नाहीत. पुलाच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून लाल रंग देतात. तो रंग म्हणजे दुसरंतिसरं काही नसून शेंदूर आणि जवसाचं तेल. स्टोअरातला डबा आणला नाही. एक तर मी प्रामाणिक आहे. शिवाय किल्ली साहेबाकडे असते. किराणावाल्याकडून शेंदूर घेतला, तेल घरात होतं.
वरच्या ठाकरवाडीतला शिदू मजुरीला आला. हात चांगला आहे. रंगाचे दोन हात दिले. देताना विचारत होता, भाऊ, म्होरल्या दोन दिव्यांस्नी डोळं काडू का? मी म्हणालो, काढ. जरा शोभा येईल.
संध्याकाळी लांबून पाहिलं. रूप असं आलंय की बघतच राहावं. या मोटारीला आता गंज शिवणार नाही.

ता. ३ मार्च
शेजारची म्हातारी धोंडाबाई मोटार बघायला आली. हात जोडून उभी राहिली. मी म्हणालो, मावशी, काम अजून पुरं व्हायचंय. तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं. यंत्राविषयी एवढा आदर शिकलेल्या लोकांतही दिसत नाही.
तिची म्हैस चार दिवस हरवली होती. दिवेलागणीला आपल्या पायांनी घरी आली. मोटारीचा याच्याशी संबंध नाही. फक्त नोंद केली.

ता. १७ मार्च, धुळवड
लोकांना इंजिनीअरिंगची गोडी लागली. टाकव्याहून, कामशेतहून माणसं येतात. मोटारीला माती लागू नये म्हणून चपला लांब काढतात. मी कोणाला सांगितलं नव्हतं. एकाला कार्बोरेटर कुठे असतो ते अर्धा तास समजावलं. त्याने शेवटपर्यंत हात जोडून ऐकलं. मग विचारलं, पोराला रेल्वेत चिकटवल का ह्यो? मी म्हणालो, भरतीचं खातं वेगळं आहे.
स्टीयरिंगला कडं बसवलं. घरातल्या मोठ्या चाळणीचं होतं. कुटुंब बोलत नाही.

ता. १ एप्रिल, पाडवा
शुभमुहूर्तावर मडगार्ड ठोकून सरळ करायचं ठरलं होतं. दत्तोबा घण घेऊन आला. मोटारीकडे बघितलं, घण खाली ठेवला, टोपी काढली. म्हणाला, भाऊ, लोखंडाव घाव घालतो, द्येवाव न्हाई. आणि गेला. लेबरचा प्रॉब्लेम सगळीकडे सारखाच.
टायरचं काम मात्र पुरं झालं. लोणावळ्याच्या मोटारस्टँडवरून टाकाऊ टायर आणले. ट्यूब नाहीत, म्हणून आत भाताचा पेंढा ठासला. तीन टायर झाले. चौथा रात्री बैलाने खाल्ला. म्हणजे पेंढा खाल्ला. आज पुन्हा भरला.

ता. १४ एप्रिल, हनुमान जयंती
अभिनंदनाचे नारळ आले. मोजायचे सोडून दिले. शिदू हल्ली दिवसभर मोटारीपाशी बसतो. मी बोलावलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, कुनीतरी बसाया पायजेच की. आयता वॉचमन मिळाला. अर्धे नारळ तो नेतो, तेवढं चालायचंच.
ड्रायव्हिंग शिकायचं राहिलंय. खाटेवर बसून पायांची सवय करतोय.

ता. ३० एप्रिल, शनिवार, अमावस्या
सकाळपासून जत्रेसारखी गर्दी. लोक रेडिएटरवर तेल ओतत होते. मी ओरडून सांगितलं की रेडिएटरमध्ये पाणी घालतात. एक म्हातारा म्हणाला, शनवारी त्येलच.
मी वरातीची प्रॅक्टिस म्हणून ड्रायव्हरच्या जागेवर चढलो. पायात बूट होते. लगेच दोघांनी मला काखेत धरून खाली उतरवलं. माझ्या दारात, माझ्या मोटारीतून.
तेव्हा लक्षात आलं. मोटारीचा देव झाला आहे. चूक कोणाची, ते सांगणं अवघड आहे. माझा संशय शिदूवर आहे. डोळे त्यानेच काढले.

ता. ५ मे
व्याही तळेगावहून मोटार बघायला आले. मी पुढे होऊन बॉनेट दाखवणार, तोवर त्यांनी नारळ फोडला आणि साष्टांग नमस्कार घातला. उठल्यावर म्हणाले, पाव्हणं, द्येवाच्या डोस्क्यावर बसून वरात काडायची म्हंता व्हय? मी त्यांना शेंदूर, तेल आणि पुलाचं लोखंड हे सगळं समजावलं. ते म्हणाले, आमच्या मारुतीला बी शेंदूर आन् त्येलच लावत्यात. 
नंदा चुलीपाशी आईला म्हणाली, बैलगाडीत बी मला चालंल, बाबांस्नी सांग. कुटुंबाने सांगितलं. मला फार वाईट वाटलं. पोरगी माझी अब्रू राखायला बघतेय, याचं जास्त वाईट वाटलं. परसात जाऊन डोळे धुतले.

ता. ६ मे
नवा प्लॅन. इंजिनाचा विषय वरातीनंतर. मोटारीला बैल जोडायचे, वरून फुलांच्या माळा, आत नवरा-नवरी. मोटार ती मोटारच. प्रश्न फक्त लोकांच्या परवानगीचा.
शिदूला विचारलं. तो म्हणाला, माज्या हातात काय न्हाई भाऊ, कौल लावू. म्हणजे बॉनेटवर चाफ्याचं फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर मोटार वरातीला येते, डावीकडे पडलं तर येत नाही. मी मोठ्या मनाने कबूल झालो. त्या बिचाऱ्याला गुरुत्वाकर्षण ठाऊक नाही.

ता. ९ मे
पहाटे ४. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली विटा सारल्या. मोटार उजवीकडे कलली. आता फुलाला डावीकडे जाता येणार नाही. याला फसवणूक म्हणता येणार नाही, हे सायन्स आहे.
सकाळी ७. वरातीसाठी झळाळी हवी म्हणून शेंदराचा आणखी एक हात स्वतः दिला. शिदूपेक्षा माझा हात जाड बसला. उत्तम झालं.

ता. १० मे
सगळा गाव जमला. शिदूने अंघोळ करून बॉनेटवर फूल लावलं आणि गाऱ्हाणं घातलं. नंदा दारातून बघत होती. मी तिला खूण केली की काळजी नको.
फूल पडलं नाही.
तासभर वाट पाहिली. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. माझा कालचा शेंदूर वाळला नव्हता आणि फूल त्यात रुतून बसलं होतं. मी हळूच बॉनेटवर फुंकर मारली. शिदूने बघितलं. म्हणाला, भाऊ, तो थांब म्हंतोय. मी म्हणालो, लग्न उद्या आहे. तो म्हणाला, त्येला ठावं हाय.
फूल कशामुळे चिकटलं ते सगळ्यांना सांगावं, असं एकदा मनात आलं. पण मग विटांचंही सांगावं लागलं असतं.

ता. ११ मे
लग्न लागलं. व्यवस्थित लागलं. जेवणं चांगली झाली. मी मधून मधून उठून फूल बघून येत होतो.
वरात बैलगाडीतून निघाली. गाडी मोटारीसमोर थांबली. दोघं उतरली, नमस्कार केला. नंदाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, बाबा, उन्हात नगा हुबं ऱ्हाऊ.  मला काहीतरी सांगायचं होतं. मी बैलांच्या जुवाची दोरी तपासली. गाडी फाट्यावरून वळेपर्यंत उभा होतो. उन्हातच.

ता. १२ मे
स्टोअरात गेलो. साहेबांनी विचारलं, मोटारीचं कसं काय? काम प्रगतीवर आहे असं सांगितलं.

ता. १४ मे
सकाळी शिदू हाक मारत आला. रात्रीत शेंदूर वाळला आणि फूल पडलं. उजवीकडे.
तासाभरात गाव गोळा झाला. कौल मिळाला, आता थांबायचं नाही म्हणाले. दोर आणले, माळा आणल्या, वाजंत्री लावली. जे अमावस्येला मला खाली उतरवत होते, तेच आज दोराला सर्वांत पुढे. मोटार मारुतीच्या देवळापर्यंत ओढत न्यायची आणि परत आणायची असं ठरलं. मी म्हणालो, अहो, ज्यांची वरात ती तळेगावला गेली. ते कोणी ऐकलं नाही. मला फार राग आला.
मग वाटलं, दोघं नाहीत तर निदान आपण तरी बसावं. चार महिने खपलो. बूट काढले, पाय धुतले, मोटारीत चढायच्या फळीवर पाय ठेवला. शिदूने हात आडवा धरला. म्हणाला, कौल मोटारीला मिळालाय भाऊ, तुमाला न्हाई.
वाजंत्री सुरू झाली. चढावर मोटार अडली आणि पुढच्या लोकांनी, मागून कुनीतरी ढकला, म्हणून हाका मारल्या. मागे मीच होतो. सीट रिकामी होती. मी ढकलायला लागलो.