आठपट लहान पंखा

५ नोव्हेंबर १९६३, अकोला
प्रोफेसरच्या अंगावर डस्टर फेकून अमरावतीचं कॉलेज सोडलं, त्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला. शालू ज्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा वेचते, तिथंच नोकरी लागली. कापूस ओढणारा मोठा पंखा असा किंचाळतो की बाया बहिऱ्या होत चालल्या. आवाज कमी कसा करायचा ते शोधायला भगवंतराव इंजिनिअरांनी त्याचा आठपट लहान, हुबेहूब पंखा बनवलाय. तो आठपट जोरात फिरतो, आवाजही तितकाच बारीक. मी तो टेपवर घ्यायचा आणि आठपट हळू वाजवायचा, की मोठ्याचा आवाज येतो. पहिल्याच चाचणीत लहान्याचं तिसरं पातं चिरलं. साहेबांनी बदललं. शालू म्हणाली, कॉलेज सोडून भिंगरी फिरवाले आला काय रे देवमन? दुसरं कोणी बोललं असतं तर कानाखाली वाजवली असती.

७ नोव्हेंबर
हवा कुठं वळते ते दिसावं म्हणून पंख्याच्या तोंडाशी दोरे चिकटवायचे होते. मी शालूच्या पदराचा सुटलेला हिरवा धागा मागितला. ती म्हणाली, लुगडंच घेऊन जाय ना. पंखा सुरू होताच धागा आत ओढला गेला. टेप हळू लावली. घरघरीत शालूचा आवाज, माझं नाव घेणारा. साहेब म्हणाले, प्रेमात आधी कान जातात.

१३ नोव्हेंबर
मोठ्या पंख्याचं तिसरं पातं चिरलं. त्याच जागी. लहान्याचं चिरलं त्याच्या बरोबर आठ दिवसांनी. शालूचा धागा सात तारखेला आत गेला. म्हणजे परवा शालू —

१४ नोव्हेंबर
तिला म्हटलं, उद्या कामावर येऊ नको. काहून, रोजी तू देशील का, म्हणाली. मी हात धरून ओरडलो. तिनं हिसडा दिला, तोंड दाखवू नको म्हणाली. साहेब पंखा बंद ठेवत नाहीत. फिटर पुंजाराम मात्र तयार झाला: दुपारच्या सुट्टीत फ्यूज काढून खिशात घालतो. मग मी आत जाऊन बसतो. माणूस आत असल्यावर फिरवणार कोण?

१५ नोव्हेंबर, दुपार
पंख्याच्या आत बसून लिहून राहिलो. भोंग्याला अवकाश आहे. शालू तिकडं लिंबाखाली भाकर खात असेल. जगली पाहिजे. बस.

हाक. बाहेरून. शालूच. पुंजारामनं सांगितलं असेल. रडून राहिली — माझं नाव — टेपवर होतं तसंच, लांबवून.

म्हणजे टेपवर ती बाहेर होती. आत —

फ्यूज पुंजारामच्या खिशात आहेत. मग हवा कुठून सुट