गोखले काकांनी मागितलेली दोन पोरं

प्रिय बाबा,

आज तुमच्या मित्राला, गोखले काकांना, नाही म्हटलं. टीम तुमची, म्हणून हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

हो, तुमची बेसबॉलची टीम मी चालवतेय! खेळाडू खरे, अमेरिकेतले; टीम मात्र कागदावरची. ते तिकडे खेळले की गुण इकडे स्टॅनमोरच्या घरी आपल्याला; आणि एकदा घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षीही आपलाच. आई अजूनही म्हणते, "म्हातारपणची भातुकली." हा सीझन संपला की टीम बंद करायची, असं मी ठरवलं होतं.

परवा रीडिंगहून काकांचा फोन आला; त्यांचीही अशीच टीम, आपल्याच स्पर्धेत. "बाबांची ती दोन कोवळी पोरं मला दे, माझा बॅटर घे. यंदा जिंकशील गं!" त्यांचा बॅटर चौतीस वर्षांचा, सध्या तुफान खेळतोय. आपली पोरं अजून खालच्या लीगमध्ये. वर येईपर्यंत एक गुण नाही.

"आजोबांची टीम तू बंदच करणार ना?" इरा म्हणाली. "मग दोघांना देऊन टाक. नेक्स्ट इयरच नसेल तर त्यांची व्हॅल्यू झीरो."

पंधरा वर्षांची तुमची नात, बाबा! तिचं चुकत नव्हतं.

तुम्ही इतकी वर्षं खेळलात, एकदा तरी जिंकलात का? कुणी तयार खेळाडू देऊ केला की तुमचं ठरलेलं, "आपला मुलगा होतकरू आहे, थांबू." मला आलेल्या स्थळांच्या बाबतीत एवढा धीर नाही दाखवलात ते!

पण त्या दोघांतला धाकटा, तो पिचर, तुम्ही तुमच्या शेवटच्या वसंतात घेतलात. केमोहून आलो होतो. कोटही न काढता लॅपटॉप मागितलात. "याला तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतील," म्हणालात, अगदी खुशीत. मला वाटलं, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच नाही. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

तुम्हाला सगळं कळलं होतं ना, बाबा? मग कुणासाठी घेतलात तो?

आज सकाळी इराबरोबर त्याची मॅच लावली. त्याने टाकलेले चेंडू कुठेही जात होते, समोरचे फुकटात पुढे सरकत होते. मग एक असा आला की बॅटर बॅट खांद्यावर ठेवून बघतच राहिला. "आई, मागे घे, मागे घे!" इरा सोफ्यावरून उठलीच.

मी काकांना फोन केला. "मोठा घ्या. धाकटा मिळणार नाही."

"एकट्यासाठी माझा बॅटर? वेडी का काय!"

"मग राहू दे, काका."

"म्हणजे पुढच्या वर्षी तू आहेस?"

"आहे," मी म्हटलं. तोंडातून गेल्यावर कळलं, की खरंच आहे.

यंदा आपण शेवटून दुसरे येऊ, रागावू नका. पण शब्द देते: पुढच्या वसंतात इराला शेजारी बसवून नवी पोरं निवडेन. आणि त्यात एक तरी असा घेईन, जो तयार होईपर्यंत ती युनिव्हर्सिटीतून बाहेर पडलेली असेल.

तुमची,
मनू