एका खोलीपुरता प्रोग्रॅम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बावन्न, धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवते. दबाव आहे. तो बाहेर बाकावर कागदांची पिशवी घेऊन बसला आहे आणि नात्याने माझा धाकटा भाऊ लागतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. उद्या सकाळी उघडणार आहेत ते हृदय.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक नवऱ्याला. त्याने माझ्या कामात कधी नाक खुपसलं नाही. गॅलरीतल्या कुंड्यांना मात्र पाणी घालावं, नुसतं बघत बसू नये.

२. शिलाई मशीन थोरल्या नणंदेला. ते तिने लग्नानंतरच्या वर्षी 'दोन दिवसांसाठी' नेलं आहे. आता परत करण्याची तसदी घेऊ नये.

३. समुपदेशकांसाठी मी नोंदी ठेवायचा जो प्रोग्रॅम लिहिला, तो एकाने एकाच कॉम्प्युटरवर वापरायचा. मी तो डिस्कवर घालून एकेकाच्या हाती देत आले. समोर बसून कोण काय बोललं, कोण रडलं, ते त्या खोलीतच राहतं. फक्त दरवर्षी माझ्याकडून नवा लायसन्स नंबर घ्यावा लागतो, नाहीतर प्रोग्रॅम उघडत नाही. भावाचा डोळा त्या नंबरावर आहे. एका विमा कंपनीला सगळ्यांच्या नोंदी एकत्र हव्या आहेत, आणि नंबर अडवून धरले की समुपदेशक मुकाट्याने देतील असा त्याचा हिशेब. दुपारी प्रोग्रॅमचे हक्क त्याच्या नावावर करायचे कागद घेऊन उशाशी आला आणि म्हणाला, "ताई, एक सही कर आणि निवांत झोप."

"झोपणारच आहे," मी म्हटलं. "सही राहू दे."

(आत्ता त्याने पुन्हा डोकावलं. नर्सने बाहेर काढला.)

४. कायमचा चालेल असा नंबर मी गेल्या आठवड्यात सगळ्या समुपदेशकांना कळवून टाकला आहे. आता कोणाचीही अडवणूक करता येणार नाही.

५. प्रोग्रॅमची मूळ प्रत व सर्व हक्क भावाला. नवऱ्याच्या भुवया उंचावतील, उंचावू देत. कारण कलम सहात आहे. ते वेगळ्या पाकिटात आहे, भावाने एकट्याने वाचावं. बाकीच्यांनी विचारू नये.

६. (पाकिटातलं.) छोट्या, गेल्या वर्षी एका समुपदेशक बाईंकडे मी नवी डिस्क बसवायला गेले होते. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर तुझं हेल्मेट होतं. काचेवरची निळी चिकटपट्टी मीच लावलेली. दार बंद होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. मी उंबरठ्यावरूनच परतले आणि डिस्क कुरियरने पाठवली. तू तिथे काय बोललास ते मला माहीत नाही. बघावंसं वाटलं असतं तरी बघता आलं नसतं. मी प्रोग्रॅम लिहिलाच तसा आहे. तेव्हापासून तुझ्या काळजीने जीव टांगणीला लागलाय, आणि आज तुझा रागही तेवढाच आलाय.

आता प्रोग्रॅम तुझा. नोंदी हव्या असतील तर दारोदार जाऊन एकेकाला विचारावं लागेल. जरूर विचार. सुरुवात त्याच बाईंच्या दारापासून कर.

सही: तुझी ताई

साक्षीदार: वॉर्डातल्या नर्सबाई, शेजारच्या खाटेवरचे निवृत्त पोस्टमन. दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर आपापली सही केली. मजकूर वाचला नाही, वाचायला मागितलाही नाही.

ठिकाण: हृदयरोग वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भेटीची वेळ संपता संपता.