फॉर्मची शेवटची तारीख

प्रिय आई,

आज बी.एस्सी.च्या गणिताला नाव घातलं. माझं. हसू नकोस. बारावीला, पी.यू.सी. होताच गणिताला रामराम ठोकलेली मी, चव्वेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठाची विद्यार्थिनी झाले. पण पत्र लिहायला बसले ते एवढं सांगायला नाही. दुपारी पुस्तकाच्या दुकानात जे कळलं, ते तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

फॉर्म भरायला किती वेळ लागला असेल? वीस मिनिटं. चहासुद्धा निवला नव्हता. त्या वीस मिनिटांसाठी गेल्या वर्षी मी तुला पावसाळाभर ताटकळत ठेवलं.

काय मागितलं होतंस तू? लग्न ठरलं म्हणून बेळगावला दुसऱ्या वर्षात सुटलेलं कॉलेज पुरं करायचं होतं, बासष्टाव्या वर्षी. जुनी मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होतीस. ओटीपी आणि फोटो अपलोड करणं तुला जमेना, तेवढंच काम माझ्यावर सोपवलंस. "या रविवारी करूया की गं," म्हणायचीस. आणि माझ्या प्रत्येक रविवारी काहीतरी निघायचं. हेब्बाळच्या ऑफिसातून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला घरी पोचेपर्यंत जीव जातो, हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल? तू तरी ऐकून का घेतलंस? एकदा तरी खडसवायचं होतंस मला.

शेवटची तारीख उलटली तेव्हा मी म्हणाले, "पुढच्या जुलैला भरू. विद्यापीठ कुठे पळून जातंय?"

"सरी, बरं," तू म्हणालीस. "पुढच्या खेपेला." आणि घेवड्याच्या शेंगा सोलायला लागलीस. मला वाटलं, विषय मिटला. विद्यापीठ कुठेच गेलं नाही, आई. जुलै यायच्या आधी तूच गेलीस.

आज जयनगरला गेले. दुकानदार अण्णांनी कॅल्क्युलसची दोन पुस्तकं पुढ्यात ठेवली. एक जाडजूड, सगळी उदाहरणं सोडवून दिलेलं. दुसरं बारीक, नुसत्या गणितांनी भरलेलं. मला काही ठरवता येईना. सहज बोलून गेले, "आई असती तर तिनं लगेच सांगितलं असतं. बेळगावची होती, गणित शिकलेली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चष्म्याला काळी दोरी?"

मी मान हलवली. मग ते कन्नडमध्ये सांगत गेले. "अक्का, त्या अम्मा चार दिवस येऊन या स्टुलावर बसून दोन्ही पुस्तकं वाचत होत्या. मी म्हटलं, जाड घ्या, सोपं पडेल. तर म्हणाल्या, सगळं यानंच सोडवलं तर मी काय करू? बारीक घेऊन गेल्या. दोन महिन्यांनी परत आणून दिलं. म्हणाल्या, यंदा ॲडमिशन झालं नाही. आम्ही पैसे परत देत नाही, म्हणून त्याच्याऐवजी नातीला कंपास पेटी नेली."

ती कंपास पेटी मला आठवते. तेव्हा मी तुला काय बोलले, तेही आठवतं. "घरात दोन पडल्यात, तिसरी कशाला? दिसेल ते उचलून आणतेस." तू म्हणालीस, "बरी दिसली, आणली." तुझं पुस्तक परत देऊन आणली होतीस ती, आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. अगं, का?

ते पुस्तक अजून दुकानातच होतं. अण्णा म्हणाले, यावर खुणा आहेत, नवं देतो. मी तेच घेतलं. पेन्सिलीनं सोडवलेली गणितं तू खोडरबरानं पुसलीस, पण कागदावर वळ राहिलेत, बोट फिरवलं की लागतात. सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत आहेत. म्हणजे फॉर्म भरला जाईलच, असं धरून तू अभ्यासाला बसली होतीस. माझ्यावर तुझा एवढा भरवसा होता. नंतर दुकानदारानं परत घ्यावं म्हणून ती सगळी पानं एकेक करून पुसलीस. तेव्हा मी त्याच घरात होते, कदाचित पलीकडच्याच खोलीत.

सकाळी फॉर्मवर 'आईचे नाव' या रकान्यात तुझं नाव लिहिताना मला बरं वाटलं होतं, आपण दोघी एका कागदावर आलो म्हणून. आता तो रकाना डोळ्यांपुढून हलत नाही. तुझं नाव त्याच्या वरच्या ओळीत, विद्यार्थिनीच्या जागी असायला हवं होतं. ते मी लिहिलं नाही.

माफी कोणत्या तोंडानं मागू? कबूल एवढंच करते. रविवारी अभ्यासाला बसेन, परीक्षा देईन. नापास झाले तर पुन्हा देईन, तुझी नात कितीही हसली तरी. पण आई, हे पुस्तक आता त्या दुकानात परत जाणार नाही.

तुझी,
वैशू