तिसऱ्या सलाईनआधी

मॅडम, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी वॉर्डात हात धुताना माझी पाठ अजून आपोआप ताठ होते. आज लिहितेय ते एका मुलीमुळे. छाणी गावची, चार दिवसांची, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला. दुपारी आणली तेव्हा हातपाय गार. छातीवर बोट दाबून उचललं, तर पांढरा डाग पाच मोजेपर्यंत गेला नाही. रक्तदाब पडलेला. सलाईन दिलं, फरक नाही. पुन्हा दिलं. सिस्टर तिसरी सिरिंज भरून उभी आणि माझाही हात पुढे गेलेला, कारण रक्तदाब पडला की पाणी ढकलायचं, हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

तुमचं बोलणं मला पाठ आहे. "आकडा नंतर बघ, आधी पोटाला हात लाव. यकृत वाढत चाललं असेल तर हृदय थकलंय. त्याच्यावर आणखी ओझं घालू नकोस." मी हात लावला. आल्यावर तपासलं होतं त्याहून यकृताची कड दोन बोटं खाली होती. सिरिंज बाजूला ठेवायला सांगितली, हृदयाला जोर देणारं औषध सुरू केलं. सिस्टर माझ्याकडे बघतेय, बाईंचं डोकं फिरलंय की काय अशी. इको मशीन यायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ मी फार घाबरले होते. पडद्यावर हृदय हलत होतं, पण रक्त पुढे ढकलायची ताकद त्यात नव्हती. औषध वाढवलं. संध्याकाळी पुन्हा बोट दाबून उचललं, दोन म्हणायच्या आत लाली परतली.

बाहेर तिचा बाप हात जोडून म्हणाला, "बेन, तमारा हाथमां जश छे." म्हणे माझ्या हाताला यश आहे. मला तिथे उभं राहवेना.

मी तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हा पाणीगेट भागातलं एक बाळ गेलं. तिसऱ्या सलाईननंतर त्याला श्वासच घेता येईना. पोट तपासलं होतंस का, असं तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हणाले. तेवढ्यावर विश्वास ठेवून तुम्ही त्याच्या आईला सांगितलंत, की आम्ही सगळं बघूनच केलं होतं. मी तुमच्या मागे उभी होते. आज तुम्ही असतात तर हे पत्र लिहायचं धाडस मला झालं नसतं. मॅडम, मी हात लावलाच नव्हता.